अमेरिकेतलं स्टुडंट लोन: डिग्री की हातचं काम, आणि मधेच अडकलेले लोक

अमेरिकेत स्टुडंट लोनचा विषय निघाला की दोन बाजू लगेच भांडायला उभ्या राहतात. एक म्हणते कॉलेज म्हणजे पैशांची नासाडी, सरळ इलेक्ट्रिशियन व्हा, प्लंबर व्हा, डोक्यावर कर्ज नाही आणि पहिल्या दिवसापासून पगार. दुसरी म्हणते सरकारी आकडे उघडून बघा, डिग्रीवाला आयुष्यभर जास्तच कमावतो, तेव्हा कर्ज काढा पण शिका. गंमत नाही, दोघांकडचे आकडे खरे आहेत, आणि तरीही दोघांचा सल्ला जसाच्या तसा ऐकला तर सतरा-अठरा वर्षांचं पोर चांगलंच अडकू शकतं. कारण सगळ्यात जास्त मार खाणारी माणसं या दोन्ही गटांत नाहीतच. ती आहेत कर्ज काढून कॉलेजात गेलेली आणि डिग्री न घेता बाहेर पडलेली. माझ्या मते सगळा विषय तिथून समजून घ्यायला हवा, म्हणून आधी हे कर्ज नेमकं चालतं कसं ते बघू.

एकूण आकार आधी सांगते. अमेरिकन सरकारने विद्यार्थ्यांना दिलेलं येणं बाकी असलेलं कर्ज १.६ लाख कोटी डॉलरच्या वर आहे आणि ते ४ कोटींहून जास्त लोकांच्या नावावर आहे. खासगी बँकांचं वेगळं, पण ते त्यामानाने थोडं. बातम्यांत दोन-दोन लाख डॉलर कर्ज असलेले डॉक्टर-वकील दिसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळ्यांचं तसंच असणार, पण चार वर्षांची डिग्री कर्ज काढून पूर्ण करणाऱ्याच्या डोक्यावर साधारण ३०,००० डॉलर असतात. मोठे आकडे बहुतेक पुढच्या शिक्षणाचे असतात, मेडिकल, लॉ, मास्टर्स वगैरे.

आता हे कर्ज घराच्या किंवा गाडीच्या कर्जापेक्षा वेगळं का? घराला कर्ज देताना बँक घर बघते, पगार बघते, फेडता येईल का ते तपासते. इथे पदवीपूर्व शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज देताना तसं काहीच बघत नाहीत. क्रेडिट हिस्टरी नाही, जामीन नाही, तारण नाही, आणि कुठला विषय शिकणार आहेस, त्यातून नोकरी लागते का, हे तर कोणी विचारतही नाही. व्याजदर सगळ्यांना एकच. २०१३ च्या कायद्याने तो सरकारच्या १० वर्षांच्या रोख्यांच्या व्याजाला बांधलाय, म्हणजे दरवर्षी मे महिन्यातल्या लिलावात जो दर निघेल त्यावर २.०५ टक्के. म्हणून २०२०-२१ मध्ये कर्ज घेतलेल्याला २.७५ टक्के लागले आणि २०२४-२५ मध्ये घेतलेल्याला ६.५३ टक्के. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच कॉलेजात, एकाच विषयात, फक्त चार वर्षांच्या अंतराने गेली तरी एकाचं व्याज दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, यात त्या पोरांचा काय हात?

तपासणी नसणं ही गोष्ट मुद्दाम ठेवलेली आहे आणि हेतू चांगलाच होता, कारण बँकेने तपासणी केली असती तर गरीब घरातल्या मुलांना कर्ज मिळालंच नसतं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८ च्या कायद्यातून सरकारने पहिल्यांदा विद्यार्थ्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली. मग १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, तीही ते स्वतः जिथे शिकले त्या टेक्ससच्या सॅन मार्कोसमधल्या कॉलेजात जाऊन. पैशांअभावी कोणाचं शिक्षण थांबू नये हा विचार होता, आणि तो मला आजही पटतो. त्यात १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी अनुदान आलं, त्यालाच पुढे पेल ग्रँट म्हणायला लागले, आणि हे परत करावं लागत नाही. सत्तरच्या दशकात जास्तीत जास्त पेल ग्रँट मिळाली तर सरकारी कॉलेजचा राहण्या-खाण्यासकट तीन-चतुर्थांशाहून जास्त खर्च निघायचा. आता साधारण एक-तृतीयांशही जेमतेम निघतो. ग्रँट अगदीच वाढली नाही असं नाही, पण खर्च तिच्यापेक्षा कितीतरी पटीने पळाला, राज्यांनी आपापल्या कॉलेजांना द्यायचे पैसे मंदी आली की कापले, कॉलेजांनी फी वाढवली, आणि मधली सगळी पोकळी कर्जाने भरली. म्हणजे जे कर्ज वरच्या थोड्या खर्चासाठी होतं तेच हळूहळू मुख्य आधार होऊन बसलं.

आता व्याजाचा हिशोब, आणि हा भाग घाईत सोडू नका. समजा ३०,००० डॉलर कर्ज, व्याज ६.५ टक्के, १० वर्षांत फेडायचं. महिन्याचा हप्ता साधारण ३४१ डॉलर. दहा वर्षांत भरले जवळपास ४०,९००, म्हणजे व्याजाचे १०,९००. ठीक आहे, नोकरी चांगली असेल तर झेपतं. हाच हप्ता जड वाटला म्हणून १५ वर्षं केली तर हप्ता येतो २६१ वर, बरं वाटतं, पण एकूण भरणा होतो ४७,००० आणि व्याज १७,००० च्या वर. आणि १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांना जो ठरावीक हप्त्यांचा प्लॅन आहे त्यात २५,००० ते ५०,००० डॉलरच्या कर्जाची मुदत १५ वर्षंच आहे, त्यामुळे हे उदाहरण काही कल्पनेतलं नाही.

याच्याही खाली एक खाच आहे. ३०,००० वर ६.५ टक्क्यांनी महिन्याला फक्त व्याजच १६२ डॉलर होतं. उत्पन्न कमी असेल तर उत्पन्नानुसार हप्त्याचे प्लॅन मिळतात, आणि जुन्या बऱ्याच प्लॅनमध्ये असं व्हायचं की हप्ता बसला ८० डॉलर, माणूस दर महिन्याला न चुकता भरतोय, आणि तरीही कर्ज वाढतंय कारण ८० मध्ये व्याजसुद्धा निघत नाही. पाच-सहा वर्षं प्रामाणिकपणे भरून स्क्रीनवर सुरुवातीपेक्षा मोठी रक्कम दिसते तेव्हा माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. शिवाय कर्जाचा जो भाग विनासवलत असतो, म्हणजे ज्याचं शिकत असतानाचं व्याज सरकार भरत नाही, त्यावर व्याज कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच चढायला लागतं, आणि २०२३ पर्यंत तर हप्ते सुरू व्हायच्या वेळी ते मुद्दलात मिसळायचं आणि मग व्याजावर व्याज.

बरं, फेडता आलं नाही तर? २७० दिवस हप्ता भरला नाही की सरकारी कर्ज थकीत धरतात. त्यानंतर सरकार कोर्टात न जाता पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, टॅक्सचा परतावा जप्त करू शकतं, आणि वसुलीला काळाची मर्यादा नाही. क्रेडिट कार्डाचं कर्ज, दवाखान्याचं बिल, बुडालेला धंदा, हे सगळं दिवाळखोरीत माफ होऊ शकतं. शिक्षणाचं कर्ज मात्र १९७६ पासून टप्प्याटप्प्याने यातून बाहेर काढलं. आधी पाच वर्षं थांबा म्हणाले, मग सात, १९९८ मध्ये ती सोयही गेली, आणि २००५ मध्ये खासगी शिक्षण कर्जालाही तोच नियम लावला. आता कोर्टात जाऊन असह्य हलाखी सिद्ध करावी लागते, आणि ते इतकं अवघड मानलं जायचं की वर्षानुवर्षं बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पन्नाशीतल्या धंदेवाल्याने चूक केली तर त्याला नवी सुरुवात करता येते, आणि अठराव्या वर्षी केलेल्या सहीला मात्र तो मार्ग जवळपास बंद.

आता मुख्य मुद्दा. कर्ज कोण बुडवतं? आपल्याला वाटेल ज्यांचं सगळ्यात मोठं तेच. उलट आहे. थकीत जाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते १०,००० डॉलरच्या आतलं कर्ज असणाऱ्यांत! पहिल्यांदा वाचलं की विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. एक लाखाचं कर्ज असलेला माणूस बहुतेक वेळा शेवटपर्यंत शिकलेला असतो, त्याला पगारही तसा असतो. ६,००० कर्ज असलेला म्हणजे बऱ्याचदा एक-दोन सेमिस्टर करून बाहेर पडलेला. घरात कोणी आजारी पडलं, नोकरी आणि वर्ग जुळेना, मूल झालं, गाडी बंद पडली, अशी कारणं. तेलही गेलं तूपही गेलं हाती धुपाटणं आलं म्हणतात ना, अगदी तसंच, वर्षं गेली, पैसे गेले आणि हातात कर्जाचा कागद.

आणि ही काही थोडी माणसं नाहीत. अमेरिकेत कॉलेज सुरू करणाऱ्या शंभरांपैकी साधारण साठ-बासष्टच सहा वर्षांत काहीतरी पूर्ण करतात. दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात सुरू करणाऱ्यांत तर निम्म्याहून कमी. कॉलेजात काही काळ शिकून कुठलीच पदवी किंवा प्रमाणपत्र हातात नसलेले कामाच्या वयातले लोक साडेतीन कोटींहून जास्त आहेत. आता पगाराचे आकडे याच्या शेजारी ठेवा. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याचे २०२४ चे आठवड्याच्या मधल्या पगाराचे (म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली) आकडे असे: फक्त हायस्कूल झालेल्याला ९३० डॉलर, थोडं कॉलेज पण डिग्री नाही त्याला १,०२०, दोन वर्षांची पदवी असलेल्याला १,०९९ आणि चार वर्षांची पदवी असलेल्याला १,५४३. म्हणजे डिग्री पूर्ण केली तर हायस्कूलवाल्यापेक्षा वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर फरक, आणि अर्धवट सोडली तर आठवड्याला फक्त ९०, त्यातूनच हप्ता जायचा.

म्हणून कॉलेजला जाणं वाया आहे, काही उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पूर्ण झालेल्या डिग्रीचा फायदा खरा आहे आणि मोठा आहे, बेकारीतही तो दिसतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक तर हा मधल्या माणसाचा पगार आहे, पेट्रोलियम इंजिनियर आणि लहान मुलांना शिकवणारी शिक्षिका एकाच ढिगात धरलीय, आणि विषयाविषयात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरं, कॉलेज पूर्ण करणाऱ्यांत आधीपासूनच सुस्थितीतल्या घरातली, चांगल्या शाळेतली मुलं जास्त असतात, त्यामुळे सगळाच फरक डिग्रीने घडवला असं म्हणता येत नाही. काही भाग डिग्रीचा, काही भाग आधीच्या नशिबाचा.

आता हातच्या कामाकडे येऊ. मे २०२४ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिशियनचा वर्षाचा मधला पगार ६२,३५० डॉलर होता, प्लंबर-पाइपफिटरचा ६२,९७०, आणि लिफ्ट बसवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांचा तर १,०६,५८०. यात स्वतःचा धंदा करणारे धरलेलेच नाहीत. म्हणजे इलेक्ट्रिशियन सरासरी हायस्कूलवाल्याच्या बराच वर आणि डिग्रीवाल्याच्याही बराच खाली, पण मधल्या चार वर्षांत त्याने कर्ज न काढता पगार घेतलाय.

कर्ज न काढता हे मात्र अप्रेंटिसशिपलाच लागू आहे, आणि इथेच लोक गोंधळ करतात. हातचं काम शिकायचे दोन वेगळे रस्ते आहेत. नोंदणीकृत अप्रेंटिसशिप, जिची चौकट १९३७ च्या कायद्याने घातली, त्यात तुम्ही पहिल्या दिवसापासून नोकरदार असता. इलेक्ट्रिशियनसाठी ४ ते ५ वर्षं लागतात, दरवर्षी सुमारे २,००० तास साइटवर काम आणि त्याच्या जोडीला वर्ग. पगार साधारण तयार कारागिराच्या निम्म्यापासून सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो. युनियन आणि कंत्राटदार मिळून शिकवण्याचा खर्च उचलत असतील तर फी नाहीच्यात जमा. हे मला शिक्षणाचं फार सुंदर रूप वाटतं, कारण शिकवणाऱ्याला तुम्ही शिकावं यात स्वतःचा फायदा आहे, उद्या त्याच्याच साइटवर तुम्ही उभे राहणार असता.

दुसरा रस्ता म्हणजे ट्रेड स्कूल, आणि त्याला फी लागते, कधी कधी भरपूर, आणि तीही अनेकदा त्याच सरकारी कर्जातून भरली जाते. नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या साखळ्यांनी याच जागी सगळ्यात जास्त नुकसान केलं. कॉरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये बंद पडली, आयटीटी टेक २०१६ मध्ये, आणि त्यांच्याकडे शिकलेल्यांना कर्ज माफ करून घ्यायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्यात मेडिकल असिस्टंट, इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन असे अगदी कामाचे वाटणारे कोर्स होते. त्यामुळे कोर्स हातच्या कामाचा आहे म्हणजे तो सुरक्षित आहे असं समजू नका, पैसे कोण कोणाला देतंय ते बघा. अप्रेंटिसशिपमध्ये ते तुम्हाला देतात, ट्रेड स्कूलमध्ये तुम्ही त्यांना.

आणि अप्रेंटिसशिप सहज मिळते हाही गैरसमज. जागा मोजक्या असतात, चांगल्या युनियनकडे अर्ज पुष्कळ येतात, आणि इलेक्ट्रिशियनच्या प्रवेश परीक्षेत बीजगणित आणि वाचन-आकलन विचारतात. ज्याला अभ्यास झेपत नाही त्याला तिकडे पाठवा असं जे सहज बोललं जातं ते त्या कामाचाही अपमान आहे आणि त्या मुलाचीही फसवणूक. शिवाय बांधकामाचं काम मंदीत सगळ्यात आधी आपटतं, २००६ च्या शिखरापासून २०११ पर्यंत अमेरिकेत बांधकामातल्या वीस लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. गुडघे, खांदे, कंबर पन्नाशीला काय म्हणतात तेही हिशोबात धरा, छताचं काम करणारे तर देशातल्या सगळ्यात जास्त जीव जाणाऱ्या कामांमध्ये मोडतात. आणि बायका या धंद्यांत अजूनही शेकड्यात मोजक्याच, इलेक्ट्रिशियनमध्ये तर दोन-तीन टक्के, त्यामुळे सरसकट ट्रेडला जा हा सल्ला अर्ध्या मुलांना, म्हणजे मुलींना, आज जसा आहे तसा लागू पडतच नाही. तो लागू पडावा अशी माझी फार इच्छा आहे, पण साइटवर एकटीने उभं राहणं काय असतं ते सल्ला देणाऱ्याला करावं लागत नाही.

या भांडणात तिसरा रस्ता हरवतो त्याचं मला जास्त वाईट वाटतं. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी. वर जो १,०९९ चा आकडा दिला तो सगळ्यांचा मिळून आहे, पण त्यातले आरोग्य क्षेत्रातले कोर्स बघा, डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारी आणि तपासणीत मदत करणारी तज्ज्ञ, हिचा मधला पगार मे २०२४ मध्ये ९४,२६० डॉलर होता आणि त्याला साधारण दोन वर्षांची पदवी पुरते. नर्सिंगमध्येही दोन वर्षांच्या पदवीवर परवान्याची परीक्षा देता येते. हे कॉलेजच आहे आणि हे हातचं कामही आहे, मग कुठल्या बाजूला टाकणार? आणि ही काही नवी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धातून परत येणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये जीआय बिल नावाचा जो कायदा आला तो आज कॉलेजच्या संदर्भातच आठवला जातो, पण त्याचा फायदा घेतलेल्या ७८ लाखांपैकी कॉलेजला गेले २२ लाख, आणि बाकीचे ५६ लाख वेगवेगळ्या कामांचं प्रशिक्षण घ्यायला गेले. तेव्हा सरकार दोन्हीला पैसे देत होतं.

किमतीबद्दल एक गोष्ट पालकांनी नक्की समजून घ्यावी, कॉलेजच्या वेबसाइटवर दिसणारी फी आणि प्रत्यक्षात भरावी लागणारी फी यात खूप फरक असतो. २०२४-२५ मध्ये राज्याच्याच रहिवाशाला सरकारी चार वर्षांच्या कॉलेजची एका वर्षाची छापील फी सरासरी ११,६१० डॉलर होती, पण अनुदानं आणि स्कॉलरशिप वजा जाता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सरासरी २,५०० च्या आसपासच पडत होती. राहणं-खाणं वेगळं, आणि खरं कर्ज अनेकदा त्यासाठीच होतं. छापील आकडा बघून घाबरून अर्जच न करणारी गरीब घरातली मुलं आहेत, आणि दुसरीकडे खासगी कॉलेजच्या ४३,००० च्या छापील फीवर थोडी सूट मिळाली म्हणून स्वस्तात पडलं समजणारीही आहेत. कुठल्याही कॉलेजचं नाव सरकारच्या कॉलेज स्कोरकार्ड साइटवर टाकलं की उत्पन्नानुसार खरी पडणारी किंमत, किती टक्के पूर्ण करतात, विषयानुसार पुढचा पगार आणि कर्ज किती, सगळं फुकट दिसतं. तिथे मी सगळ्यात आधी पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी बघायला सांगेन, फी त्यानंतर. शंभरातले तीसच पूर्ण करत असतील तर स्वस्त कॉलेजही महागात पडतं.

नियमही आता बदलताहेत. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने १०,००० ते २०,००० डॉलर माफ करण्याची बायडन सरकारची योजना रद्द केली, आणि कोविडमध्ये मार्च २०२० पासून थांबवलेले हप्ते २०२३ च्याच ऑक्टोबरपासून परत सुरू झाले. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून पुढच्या शिक्षणाच्या कर्जावर मर्यादा आणली, मास्टर्स वगैरेला एकूण १ लाख, मेडिकल-लॉसारख्या कोर्सना २ लाख, आणि आई-वडिलांनी एका मुलासाठी घ्यायच्या कर्जाला ६५,०००. उत्पन्नानुसार हप्त्याच्या नव्या प्लॅनमध्ये हप्ता भरूनही न निघालेलं व्याज माफ होतं, म्हणजे वर सांगितलेली ती वाढत जाणाऱ्या कर्जाची खाच बुजते, पण राहिलेलं माफ व्हायला ३० वर्षं लागतात आणि कितीही गरीब असलात तरी महिन्याला किमान १० डॉलर भरायचेच.

याच कायद्यात एक बदल असा आहे ज्याच्याकडे मी आशेने बघतेय. पेल ग्रँट आता ८ ते १५ आठवड्यांच्या छोट्या कामाच्या कोर्सनाही मिळू शकणार, वेल्डिंग असो, ट्रक चालवण्याचा परवाना असो. परत न फेडायचा पैसा हातच्या कामाकडे जाणार. भीतीही आहे, कारण कमी मुदतीचे कोर्स आणि सरकारी पैसा दिसला की कॉरिंथियनसारखे लोक परत येतात. म्हणून कायद्यात अट घातलीय की कोर्सला बसलेल्यांपैकी किमान ७० टक्के पूर्ण करणारे हवेत, ७० टक्क्यांना काम मिळालेलं हवं, आणि शिकल्यामुळे पगारात जेवढी भर पडते त्यापेक्षा फी जास्त नको. चार वर्षांच्या कॉलेजांना अशी पूर्ण करण्याची अट कोणी कधी घातली नव्हती. ती नीट पाळली जाते की नाही, हे राज्या-राज्यांत कोण तपासतं आणि न पाळणाऱ्याचे पैसे खरंच बंद होतात का, याच्यावरच हे पैसे मुलांच्या कामी येणार की नाही ते ठरेल.